रोजच्या वापरातल्या जुन्या स्विफ्टला टर्बो : टिकाऊ काम करायचं तर काय काय लागेल?

खानापूर_रोड :
नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची स्विफ्ट पेट्रोल, १.३ लिटर, केए-२२ पासिंग. रोज खानापूरहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरीला याच गाडीनं जातो आणि महिन्यातून एकदा तरी जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्याला, सासुरवाडीला. सपाटीवर गाडीबद्दल काही तक्रार नाही. पण चार माणसं, डिकीत सामान आणि एसी लावून परतीचा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडतं, पुढे काही सरकत नाही.

टर्बो (इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा दाबून भरणारं यंत्र) किट बसवायचं बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. पुण्यात एकानं सव्वादोन लाखांचा आकडा सांगितला. इथे ऑटोनगरात एक ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, डिझेल स्विफ्टचा जुना टर्बो भंगारातून आणून तीस-चाळीस हजारांत बसवून देतो. मला रेस मारायची नाही. सकाळी चावी फिरवली की गाडी सुरू झाली पाहिजे, पावसाळ्यात दगा देता कामा नये आणि बायकामुलांना घेऊन घाटात थांबायची वेळ येऊ नये. जाणकारांनी मोकळेपणानं सांगावं.

निपाणीकर :
सव्वादोन लाख घालायचेच असतील तर ही विका आणि कंपनीनंच टर्बो दिलेली जुनी गाडी बघा की. बलेनो आरएस २०१७ मध्ये आली, एक लिटरचं बूस्टरजेट, ताकद १०२ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढ, १५० न्यूटन-मीटर. २०१३ ची पोलो जीटी १०५ पीएसची, टॉर्क १७५. आता फ्रॉन्क्समध्येही तेच बूस्टरजेट मिळतं. तुमच्या १.३ चा टॉर्क ११३ च्या आसपास. तवंदी घाटात हा फरक पायाला कळतो.

खानापूर_रोड :
निपाणीकर, हिशोब पटतो. पण ही बाबांनी घेतलेली गाडी आहे, ते आता नाहीत. विकायची नाही एवढं पक्कं आहे. म्हणून तो पर्याय सोडून बोलू या.

उद्यमबागकर :
मग नीट बोलू. मी इंजिनच्या भागांच्या मशिनिंगमध्ये आयुष्य काढलंय, त्यामुळे पोस्ट लांबेल.

घाटात गाडी दम टाकते यात सगळाच दोष इंजिनाचा नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा पणजीपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. साध्या पेट्रोल इंजिनाला जेवढी हवा तेवढीच ताकद, म्हणजे कंपनीनं सांगितलेल्या ८७ पीएसमधले सहा-सात इथे आधीच गळालेले असतात. टर्बो नेमकी ही तूट भरून काढतो आणि वर थोडं देतो. त्यामुळे तुमची इच्छा अवास्तव आहे असं मला वाटत नाही.

आता टर्बो म्हणजे फुकटची हवा नव्हे. बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि तुम्ही बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला जादा दाब, फक्त साडेपाच पीएसआय ठेवलं असं धरा. इथल्या वातावरणाचा दाब साधारण साडेतेरा पीएसआय, म्हणजे हवा जवळजवळ १.४ पट दाबली गेली. दाबली की तापते. लहान टर्बोची कार्यक्षमता ६५-७० टक्के धरली तर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा ८० अंशांच्या घरात जाते. ही तापलेली हवा तशीच सिलिंडरमध्ये सोडली की ठिणगी पडल्यावर कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल आपणहून पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा मार बसतो. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. साध्या इंजिनात चढावर चुकीच्या गिअरमध्ये जी टकटक ऐकू येते तीच ही, पण बूस्टमध्ये तिची ताकद इतकी वाढते की दोन रिंगांमधला पिस्टनचा कडा तुटून पडतो. त्या तुटलेल्या तुकड्यांनी बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभ्या रेघा ओढलेली इंजिनं मी टेबलावर उघडी बघितली आहेत. बाहेरून सगळं चकाचक, आत सगळं संपलेलं.

म्हणून पहिला खर्च इंटरकूलरवर, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या जाळीवर. ८० ची हवा ४५-५० वर आली पाहिजे.

दुसरा खर्च इंधनावर, आणि तिथेच बहुतेक स्वस्त किटं फसतात. साध्या चालीत हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ असतं. बूस्टमध्ये ते साडेअकरा-बाराला १ असं घट्ट करावं लागतं, कारण जादा पेट्रोल आतली उष्णता खातं. ते देणार कोण? बहुतेक मारुतींमध्ये हवेचा अंदाज मॅप सेन्सरवरून (इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर) घेतात आणि मूळ सेन्सर वातावरणाच्या दाबापुरताच वाचतो. बूस्ट सुरू झालं की त्याची मोजपट्टीच संपते. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं, हवा नेहमीइतकीच आहे. पेट्रोल तेवढंच राहतं आणि हवा वाढत जाते. त्यामुळे निदान दोन बारचा मॅप सेन्सर हवा, तो समजून घेणारा वेगळा ईसीयू किंवा नीट ट्यून केलेला पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा जादा कॉम्प्युटर) हवा, आणि पूर्ण जोरातही ८०-८५ टक्क्यांच्या वर उघडे राहणार नाहीत असे पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर हवेत. ट्यूनिंग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आणि धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड ओटू सेन्सर लावून. रस्त्यावर कानानं ऐकून केलेलं ट्यूनिंग मी तरी ट्यूनिंग धरत नाही.

तुमची गाडी २००८ ची, एवढी एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. त्या काळच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते प्रमाण, आजच्या मानानं कमी आहे. मारुतीचं आताचं के१२एन इंजिन १२ ला १ आहे, तिथे बूस्ट द्यायचं तर वाव फारच थोडा.

शहापूर_गॅरेज :
वरच्यांनी बरोबर सांगितलंय. मी भंगारातल्या डिझेल टर्बोबद्दल बोलतो, कारण माझ्याकडे असलं काम करून बिघडलेल्या गाड्या येतात.

डिझेल स्विफ्टच्या ७५ पीएसच्या मल्टिजेट इंजिनाला केपी३५ टर्बो असतो. लहान आहे, मिळतो स्वस्त, दिसतोही बरोबर आकाराचा. पण डिझेलचा धूर साधारण ७५०-८०० अंशांचा, पेट्रोलचा पूर्ण जोरात ९०० च्या वर जातो. त्या टर्बोच्या हाउसिंगचं (बाहेरच्या कवचाचं) ओतकाम तेवढ्या तापासाठी केलेलं नसतं. वर त्याला पाण्याचं कूलिंग नाही, थंडावा फक्त ऑइलचा. घाट चढून वर टपरीवर गाडी उभी केली, चावी बंद केली की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये राहिलेलं ऑइल जळून काळा कोळसा होतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाख-दोन लाख फेरे फिरतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तिथे कोळशाचा कण गेला की खेळ संपला. आणखी एक : डिझेल चार-साडेचार हजार आरपीएमवर थांबतं, पेट्रोल सहाच्या पुढे जातं. तेवढा धूर त्या छोट्या चाकातून बाहेर पडत नाही, जादा धूर बाजूनं सोडणाऱ्या वेस्टगेटचं भोकही अपुरं. बूस्ट वर सरकत जातं, आवरत नाही.

पेट्रोलसाठीच बनलेला, पाण्याच्या लाइनीचा लहान टर्बो घ्या. जुना चालेल, पण शाफ्टचा खेळ बघून.

आता ऑइल रिटर्नबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. माझ्याकडे एक गाडी आली होती, किट बाहेर कुठे तरी बसवलेलं. तक्रार अशी की तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की मागून निळा धूर, चालू लागली की बंद. मालकानं दोनदा टर्बोचं सील बदलून घेतलं होतं. मी गाडी लिफ्टवर घेतली. टर्बोतून खाली येणारा रिटर्न पाइप बोटाएवढाही जाड नव्हता, साधा रबरी होस. तो आधी खाली, मग एक्सलला चुकवायला थोडा वर, मग पुन्हा चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत), आणि चेंबरमधलं तोंड ऑइलच्या पातळीखाली. टर्बोत ऑइल दाबानं येतं, पण परत जाताना फक्त स्वतःच्या वजनानं उतरतं, त्यात फेस झालेला असतो. वाटेत चढ आला की ते तिथेच साचतं आणि सीलमधून सायलेन्सरकडे जातं. सील बिचारं चांगलं होतं. जाड पाइप घेतला, सरळ उतार दिला, चेंबरला पातळीच्या वर नवीन बंग (पाइप जोडायचं तोंड) वेल्ड केला. धूर गेला.

कुणाकडूनही काम करून घ्या, पण पैसे द्यायच्या आधी गाडीखाली वाकून तो पाइप स्वतः बघा.

कोर्ट_कचेरी :
मी वकिली करतो, म्हणून कायद्याचं स्पष्ट सांगतो. इथे सगळे तांत्रिक बोलतायत आणि ही बाजू राहतेय.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच अधिक कडकपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

‘मग सीएनजी किट कसं चालतं?’ असं मला नेहमी विचारतात. त्या किटांना एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थांची टाइप अप्रूव्हल, म्हणजे नमुना तपासून दिलेली मंजुरी, असते आणि आरसीवर नोंद होते. बाजारात जोडून मिळणाऱ्या टर्बो किटाला ते कवच नाही.

तुमच्या बाबतीत अजून एक. २००८ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं २०२३ लाच झाली. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं आणि प्रत्येक वेळी गाडी आरटीओला तपासणीसाठी दाखवावी लागते. बॉनेट उघडल्यावर इंटरकूलरचे पाइप लपत नाहीत.

विम्याचं तर दंडापेक्षा गंभीर आहे. कळवल्याशिवाय केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस आला तर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडतो. घाटात समोरच्या गाडीतल्या माणसाला इजा झाली आणि विमा कंपनीनं वाद घातला, तर ते प्रकरण वर्षानुवर्षं तुमच्या डोक्यावर राहील. कुटुंब घेऊन फिरताय म्हणून हे पोटतिडकीनं लिहितोय.

निपाणीकर :
कोगनोळी नाक्यावर आणि शिनोळीजवळ तपासणी लागली तर नंबर बघून अडवतातच. केए गाडी महाराष्ट्रात, एमएच गाडी कर्नाटकात, आपल्या सीमाभागातल्या माणसाला दोन्हीकडचे कागद नीट ठेवावेच लागतात. त्यात हे नवीन दुखणं कशाला?

चोर्लावाली :
मी कंपनीच्या टर्बो पेट्रोल गाडीनं हा घाट नेहमी करते, म्हणून चालवणाऱ्याच्या बाजूनं लिहिते.

कणकुंबीच्या पुढे वळणं अशी आहेत की गाडी चार हजार आरपीएमला जातच नाही. वळणातून बाहेर पडताना दोन ते तीन हजारांत ओढ लागते. किट बसवताना लोक सगळ्यात मोठा पीएसचा आकडा बघतात आणि मोठा टर्बो घेतात. तो जागा होईपर्यंत पुढचं वळण येतं. वरून ओल्या रस्त्यावर वळणाच्या मधोमध एकदम ताकद आली की पुढची चाकं घसरतात. तेव्हा लहान टर्बो, लवकर जागा होणारा आणि पाच-सहा पीएसआयवरच थांबणारा.

पावसाचंही सांगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जांबोटीपासून खाली काय पडतो ते सगळ्यांना माहीत आहे. किटवाले थंड हवा मिळावी म्हणून एअर फिल्टर बंपरच्या आत खाली टाकतात. मलप्रभेला पाणी आलं, सखल रस्त्यावर फूटभर पाणी साठलं की तो फिल्टर सरळ पाण्यात. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर वर, हेडलाइटच्या मागे, मूळ जागेच्या आसपासच राहू दे. दोन अंश हवा गरम मिळाली तरी चालेल.

आणि चढायची ताकद वाढवाल तेव्हा उतरायचंही बघा. ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं?

खानापूर_रोड :
सगळ्यांचे मनापासून आभार. कोर्ट_कचेरी साहेब, कलमं वाचून थोडा खचलो, पण सांगितलंत ते बरं झालं. उद्यमबागकर काका, एक विचारू? टर्बो ज्यावर बसतो तो मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर आणणारा नळ) इथेच उद्यमबागेत ओतून घेता येईल का? आपल्याकडे एवढ्या फाउंड्र्या आहेत. आणि आता सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, त्याचं काय करायचं?

उद्यमबागकर :
ओतून घेता येईल. बेळगावच्या फाउंड्र्यांतून आणि मशीन शॉपमधून देशभर इंजिनचे भाग जातात, एक मॅनिफोल्ड कठीण नाही. पण एका नगासाठी पॅटर्न बनवणं परवडत नाही. स्टेनलेसच्या जाड पाइपातून टिग वेल्डिंगनं बनवा. फ्लँज दहा-बारा मिलिमीटर जाड प्लेटचा, लेझरनं कापलेला. वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्लँज वाकतो, म्हणून सगळं वेल्डिंग झाल्यावर तोंड पुन्हा मिलिंगवर सपाट करून घ्यायचं. ही एक पायरी गाळली की दर दोन महिन्यांनी गॅस्केट फुंकतं. टर्बोचं वजन नुसत्या मॅनिफोल्डवर लटकू देऊ नका, ब्लॉकला एक ब्रॅकेट द्या. नाहीतर आपल्या रस्त्यांवर तडा जाणारच. जवळून जाणाऱ्या ब्रेक आणि क्लचच्या नळ्यांना हीट शील्ड हवं.

ई२० दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. त्यातल्या इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, म्हणजे नॉकिंगला विरोध वाढतो. आपल्याच पट्ट्यातल्या उसाचा हा फायदा टर्बो इंजिनाला खरोखर मिळतो. पण इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. इंजेक्टर निवडताना ती जादा टक्केवारी धरा आणि ट्यूनिंग ई२० वरच करा. तुमच्या गाडीचे होस, ओ-रिंग, पंप त्या इंधनासाठी बनलेले नाहीत. टर्बो बसवा, न बसवा, ते बदलाच. गरम मॅनिफोल्डशेजारी पाझरणारा पेट्रोलचा होस मला विचारातसुद्धा नको.

पीसीव्हीच्या नळीत (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, वाफ इनटेकमध्ये नेणारी), ब्रेक बूस्टरच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह नीट आहेत का तेही तपासा. इनटेकमध्ये आतापर्यंत ओढ होती, आता दाब येणार. तो दाब क्रँककेसमध्ये गेला की सगळ्या सीलांतून ऑइल बाहेर.

कायद्याबद्दल कोर्ट_कचेरी साहेबांशी मी वाद घालणार नाही. माझं म्हणणं एवढंच की काम कुठलंही असो, क्रम उलटा करू नका. आधी इंजिन मोजा. मग इंधन आणि ईसीयू, मग ऑइल आणि कूलिंग, मग क्लच. टर्बो शेवटी येतो. आपल्याकडे लोक टर्बो आधी विकत घेतात आणि बाकीच्यासाठी पैसे उरत नाहीत, म्हणून टर्बोचं नाव खराब होतं.

शहापूर_गॅरेज :
मोजायचं म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट, प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते बघायचं. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. चार आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्यायचं. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. या गाडीला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला तेही सांगा.

खानापूर_रोड :
शनिवारी टेस्ट करून घेतली. पहिला १७५ पीएसआय, दुसरा १७०, तिसरा १३५, चौथा १७०. तिसऱ्यात ऑइल टाकल्यावर १६५ पर्यंत गेला. प्लगही तिसऱ्याचाच काळा, तेलकट. बेल्ट बाबांच्या वेळी बदललेला, बिल सापडत नाही.

उद्यमबागकर :
मग उत्तर मिळालं. रिंग गेलेल्या सिलिंडरवर बूस्ट दिलं की दाब खाली क्रँककेसमध्ये जाईल आणि तेच ऑइल वर येऊन जळेल. ऑइल जळालं की ऑक्टेन पडतो, नॉकिंग तिथूनच सुरू होतं. या इंजिनावर आज टर्बो नाही.

तुमच्या घाटातल्या त्रासाचा मोठा भाग या तिसऱ्या सिलिंडरचा आहे, हेही लक्षात घ्या. तुम्ही जवळजवळ साडेतीन सिलिंडरवर चोर्ला चढताय.

चोर्लावाली :
हे तर आधीच बघायला हवं होतं कुणीतरी! रिंगा झाल्यावर चार माणसांनिशी एकदा घाट चढून बघा, मगच पुढचं ठरवा.

खानापूर_रोड :
तसंच करतो. टर्बोचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यातून आधी इंजिन. आरटीओत आणि विमा कंपनीकडेही लेखी विचारणार आहे, तोंडी नको. शहापूर_गॅरेज, पिस्टनही बदलावे लागतील का?

शहापूर_गॅरेज :
उघडल्याशिवाय सांगत नाही. हेड काढून बोअर गेजनं वर, मध्ये, खाली मोजू, आडवं आणि उभं. झीज मर्यादेत असेल तर होनिंग (आतून हलकं घासणं) करून स्टँडर्ड रिंगा बसतील. बोअर लंबगोल झाला असेल तर रिबोअर (बोअर कापून मोठा करणं) आणि ओव्हरसाइज पिस्टन. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकाच वेळी करू, पुन्हा उघडायला नको. फ्युएल होसही तेव्हाच. पुढच्या आठवड्यात गाडी आणून लावा, सकाळी लवकर. आणि टाकीत पेट्रोल थोडंच ठेवून या.